नंबर घातलेली डोली

शाळेत घंटा देणाऱ्या शिपायाला मुलं ओळखतात, पाणी भरणाऱ्या मावशींना ओळखतात. पण भांडारपाल नावाचा एक माणूस शाळेत असतो, हे बहुतेकांना शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी कळत नाही. लोणावळ्याच्या एका हायस्कुलात मी सव्वीस वर्षं भांडारपाल होतो. जुने विद्यार्थी बाजारात भेटले की नमस्कार करतात आणि विचारतात, "सर, आपण कोणता विषय शिकवत होतात?" मी भूगोल म्हणून सांगून टाकतो. नकाशे माझ्याच ताब्यात असायचे, तेव्हा ते अगदीच खोटं नाही.

काम काय, ते आधी सांगतो. शाळेच्या फाटकातून आत आलेली आणि वापरून न संपणारी प्रत्येक वस्तू एका जाड वहीत लिहायची, तिला नंबर द्यायचा आणि तो नंबर पांढऱ्या तेलरंगानं वस्तूच्या अंगावर घालायचा. बाकं, फळे, तराजू, लेझमी, नाटकातली लाकडी तलवार, सगळ्यांना नंबर. या वहीला आम्ही डेडस्टॉक म्हणायचो. एकदा तिच्यात शिरलेली वस्तू सहजासहजी बाहेर पडत नाही. मोडली तरी तिचे तुकडे जपून ठेवायचे, वर्षाकाठी समितीनं येऊन ते पाहायचे, मुख्याध्यापकांनी सही करायची, तेव्हा कुठं तिची सुटका. वाळवीनं अर्धी आफ्रिका खाल्लेला एक पृथ्वीचा गोल मी नऊ वर्षं सांभाळला, कारण समितीला पावसाळ्यात लोणावळ्याला यायचं नसे आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचं असे.

त्यात लोणावळ्याची हवा. चार महिने धुकं खिडकीतून आत येऊन बसतं ते उठायचं नाव घेत नाही. तबल्याची शाई फुगते, नकाशांवर हिरवे ठिपके येतात, चामड्याच्या चेंडूला लव फुटते. कोपऱ्यांत ओल शोषायला चुनकळीच्या थाळ्या ठेवायच्या, कपाटात कापूर आणि कडुनिंबाचा पाला, दुपारी शेगडी पेटवून कापडी वस्तू तिच्याभोवती फिरवायच्या. ही विद्या मला कोणी शिकवली नाही आणि माझ्याकडून कोणी घेतलीही नाही. मी ती चोख करत होतो एवढं मात्र सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

वस्तू कुणाची, हा प्रश्न माझ्या खिडकीपाशी सारखा यायचा. एका व्यापाऱ्यानं शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. दर दिवाळीला तो हमाल घेऊन यायचा आणि लक्ष्मीपूजनापुरतं ते घरी न्यायचा. "शाळेला दिलंय हो, पण लक्ष्मीला कुठं सांगितलंय," असं त्याचं म्हणणं. दिवाळीच्या सुटीत शाळेला घड्याळ नको असतं, म्हणून मी काणाडोळा करी. गणिताचे एक मास्तर वारले तेव्हा त्यांच्या पत्नी त्यांची खुर्ची मागायला आल्या. खुर्चीवर नंबर होता. मी वही उघडून दाखवली. बाई म्हणाल्या, "मग थोडा वेळ बसते," आणि मधल्या सुटीची घंटा होईपर्यंत भांडारातच त्या खुर्चीवर बसून राहिल्या. मला तेव्हा त्यात काही वेगळं दिसलं नाही. माझी नजरच तशी होती, वस्तूवर नंबर आहे की नाही एवढंच बघायची.

हे सगळं सांगतोय ते एका डोलीसाठी.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. वरच्या वर्गातल्या मुलांनी एक सेवा मंडळ काढलं होतं. त्याचा चिटणीस दत्तू. भुशीच्या धरणापलीकडं पठारावर एक वाडी आहे, तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. रोज दोन तास चालत शाळेला यायचा. मंडळाच्या मुलांनी मे महिनाभर खंडाळ्याच्या बंगल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांच्या ट्रंका आणि वळकट्या स्टेशनावरून वाहिल्या आणि त्या कमाईतून पुण्याच्या लष्कर भागातल्या जुन्या बाजारातून एक स्ट्रेचर आणलं. दोन लांब दांडे, मध्ये जाड किंतानाचं कापड, दुमडायला लोखंडी बिजागऱ्या. पठारावरच्या वाड्यांना रस्ता नव्हता. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून खाली दवाखान्यात आणायचे, आणि झोळीत माणूस निम्मा तिथंच गुदमरायचा. वाडीच्या लोकांनी स्ट्रेचर पाहिलं आणि त्याचं नाव डोली ठेवलं. पुढं आम्हीही तेच म्हणू लागलो.

ठेवायची कुठं, तर माझ्या भांडारात. दुसऱ्या दिवशी मुलं बघायला आली तेव्हा दांड्यावर पांढरा २१४ वाळत होता.

दत्तू म्हणाला, "अण्णा, हे काय केलंत? डोली मंडळाची हाय."

प्रकरण मुख्याध्यापकांकडं गेलं. ते कडक होते पण सज्जन. म्हणाले, "मंडळ कुणाचं? शाळेचं. तुम्ही तीन वर्षांनी मॅट्रिक होऊन जाल. मग मंडळ म्हणजे कोण?"

"मागनं येनारी पोरं, सर. आमी गेलो तरी मंडळ ऱ्हातंच की."

"आणि मागून कोणीच आलं नाही तर?"

दत्तू म्हणाला, "मग ज्यांच्यासाठी आनली त्यांची."

मुख्याध्यापक हसले. हे बोलणं चांगलं आहे, पण हा नियम नाही, असं म्हणाले. ठरलं ते असं, की डोली शाळेची, वापर मंडळाचा, आणि बाहेर काढताना दर वेळी मुख्याध्यापकांची चिठ्ठी. किल्ली माझ्या कमरेला. मला मनातून बरं वाटलं. मुलं येतात आणि जातात, वही जागेवर राहते, असं माझं तेव्हाचं मत होतं.

वर्षभर डोलीनं बरीच माणसं खाली आणली. तापाची, साप चावलेली, झाडावरून पडलेली. परत आली की मी ती धुऊन, शेगडीवर फिरवून, दुमडून ठेवायचो.

मग श्रावणात कोंडिबाची वेळ आली. कोंडिबा दत्तूच्याच वाडीतला, तिशीतला गडी, लोणावळ्यात दुधाचे रतीब घालणारा. पठारावरून उतरताना दरडीचा दगड त्याच्या छातीवर बसला. मुलं डोली घेऊन वर धावली आणि त्याला घेऊन निघाली. भरदुपारी धुकं असं की मागच्याला पुढचा दिसत नव्हता. भुशीच्या धरणाखालचा ओढा ओलांडताना चौघांनाही डोली एकदम जड लागली. दत्तूनं मला नंतर सांगितलं, "अण्णा, पाय पान्यात व्हते. वाटलं, वरनं कोनीतरी टेकलं. मागं वळून बघितलं तर कोंडिबा डोळं उघडं ठिवून बघत व्हता. पर आमच्याकडं न्हाई." दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

वाडीच्या लोकांनी त्याच डोलीतून त्याला परत वर नेलं आणि दहन केलं. आता आमच्याकडची रीत अशी, की ज्यावरून माणूस स्मशानात गेला ते परत येत नाही. ते त्याचं झालं. तिथंच मोडायचं आणि यायचं. कोंडिबाचे वडील खंडूआबा कुऱ्हाड घेऊन उठलेही होते. दत्तूनं त्यांचा हात धरला, म्हणाला, डोली मंडळाची आहे, पोरांना विचारून येतो. तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडायला येऊ तेव्हा काय ते ठरवू, असं म्हणून लोकांनी ती राखेशेजारी पालथी घातली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूनं हे मला सांगितलं. मी मुख्याध्यापकांकडं गेलो. ते म्हणाले, "शाळेची वस्तू आहे. आणवून घ्या." सखाराम शिपायाला म्हटलं तर तो हात जोडून म्हणाला, "अण्णा, नोकरी गेली तरी बेहत्तर, मसणातनं काई आननार न्हाई." मग मीच निघालो. आणखी एक दिवस थांबलो असतो तर काय बिघडणार होतं? पण माझ्या वहीतली वस्तू राखेपाशी भिजत पडली आहे, हे मला सहन होईना. असा मी होतो.

वाडीच्या अलीकडं, उतारावर, स्मशानाची जागा आहे. मी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. पाऊस थांबलेला. धुकं एवढं दाट की हातातली छत्री दिसत होती, छत्रीचं टोक दिसत नव्हतं. राख वाहू नये म्हणून वर पत्रा टाकलेला होता आणि त्याच्यावर दगड. शेजारी डोली पालथी. वाडीत जाऊन निदान खंडूआबांच्या कानावर घालावं, असं एकदा मनात आलं. गेलो असतो तर ते नाही म्हणाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गेलो नाही. डोली सरळ केली, दुमडली, खांद्यावर घेतली आणि निघालो. माझ्याच नंबरची वस्तू, पण पावलं मात्र आवाज होणार नाही अशी टाकत होतो.

ओलं किंतान जड होतं हे मला कोणी सांगायला नको. पण ते एकदा भिजलं की तेवढंच जड राहतं, पावलागणिक वाढत नाही. हे ओझं वाढत होतं. धरणाखालच्या ओढ्यापर्यंत येईतो माझा खांदा बधिर झाला. पाण्याच्या मध्यावर एक सपाट खडक आहे, त्यावर मला ती टेकवावीच लागली. टेकवल्याबरोबर बिजागऱ्या उघडल्या, दांडे लांब झाले आणि किंतान मध्ये खाली बसलं. डोक्याकडं थोडं, पाठीकडं जास्त आणि टाचांच्या जागी दोन लहान खळगे.

वारा नव्हता. धरणाच्या सांडव्याचा आवाज येत होता, तोही लांबून. मी तिथं किती वेळ उभा होतो ते आता सांगता येत नाही. मग मी एक वेड्यासारखी गोष्ट केली. त्या खळग्याकडं बघून "चला" म्हणालो, आणि डोली दुमडून पुन्हा उचलली.

भांडारात आणल्यावर मी माझी सगळी विद्या तिच्यावर चालवली. शेगडी, चुना, कापूर. चार दिवसांत किंतान वाळलं, पण मध्ये अंगाएवढा एक पट्टा ओला तो ओलाच. बुरशी, मी म्हटलं, आणि घासून काढला. आठवड्यानं पट्टा परत तिथंच. दुमडून ठेवली की सकाळी उघडलेली असायची. भिंतीला उभी केली तरी खळगा जात नसे, आतून कोणी पाठ टेकून उभं राहावं तसा दिसे. वही लिहिताना तिच्याकडं पाठ होऊ नये म्हणून मी टेबल फिरवून घेतलं. मग तिच्याकडं तोंड करून बसणं जमेना. शेवटी मी खिडकीबाहेर व्हरांड्यात बसून लिहू लागलो आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की आत उजेड कमी आहे.

तेरावा झाल्यावर खंडूआबा शाळेत आले. मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढं केली, पण ते खाली फरशीवर बसले.

"माज्या पोराची डोली हितं हाय म्हनं."

मुख्याध्यापक सौम्यपणे म्हणाले, "आबा, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण डोली शाळेची आहे. आज ती मोडली, तर उद्या दुसऱ्या आजाऱ्याला आम्ही काय देणार?"

"तिच्यात आता कोन निजनार? निजलेल्याच्या अंगावर कुनी निजतं व्हय?"

दत्तू दारात उभा होता. तो म्हणाला, "सर, मंडळाच्या हातात द्या. आमी आन् आबा मिळून ठरवतो."

एका डोलीला तीन धनी, आणि मी वही घेऊन मध्ये. आम्ही सगळे भांडारात गेलो, तिथं आबांनी दांड्यावरच्या नंबरावरून बोट फिरवलं. "हे काय लिवलंय?"

"दोनशे चौदा," मी म्हणालो.

"ह्यात कोंडिबा कुटं हाय?"

मी वही मिटली. नियम मुख्याध्यापकांच्या बाजूला होता, डोली भांडारातच राहिली. जाताना आबा फाटकापाशी माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "भाऊ, तिसऱ्या दिशी सावडाया गेलतो. जागा रिकामी. कुनी न्येली ते म्या कुनाला इचारलं न्हाई." एवढंच बोलून ते धुक्यात गेले. मला तेव्हा शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून रागही आला.

पुढचं सबंध वर्ष डोली मागायला एकाही वाडीतून कोणी आलं नाही. घोंगडीच्या झोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या वर्षी एक म्हातारा झोळीतच गेला, दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. डोली माझ्या कुलपात होती, नंबर साबूत होता. त्या म्हाताऱ्याचं नाव मला ठाऊक नाही, पण तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढच्या भाद्रपदात एक दिवस दहाच्या सुमाराला दत्तू आणि मंडळाची दोन मुलं माझ्या खिडकीपाशी आली. दत्तू धापा टाकत होता. त्याची थोरली बहीण यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "अण्णा, यमुना अडलीय. कालधरनं कळा देतीय. सुइनीनं हात टेकलं. झोळीत घातली तर पोट दुमडून मरंल. डोली द्या."

मुख्याध्यापक पुण्याला गेले होते. चिठ्ठी मिळणार नव्हती. मी कुलूप काढलं. सव्वीस वर्षांत बिनचिठ्ठीची बाहेर काढलेली तेवढी एकच वस्तू. चौथा खांदा लागणार होता, सखाराम तर दाराशीसुद्धा येईना, तेव्हा मीच धोतर खोचलं.

डोली दुमडलेली राहीना, म्हणून उघडीच चौघांनी खांद्यावर घेतली. रिकामी. ओढ्यापर्यंत आम्ही भराभर चाललो. तिथून चढ लागल्यावर माझ्यापुढचा मुलगा म्हणाला, "अण्णा, हिच्यात काय ठेवलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

थोड्या वेळानं दत्तू म्हणाला, "खांदा बदला." दर पन्नास पावलांवर आम्ही खांदा बदलत होतो. रिकाम्या डोलीला.

वाडीत दत्तूच्या घरापुढं बायका जमल्या होत्या. दोघींनी यमुनाला धरून उंबऱ्यापाशी आणलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, केस कपाळाला चिकटले होते. एक ध्यानात घ्या, ती वर्षभर सासरी, मुळशीकडं होती. कोंडिबा गेला एवढं तिला माहीत असेल. पण कशातून नेला, डोली कुठली, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही डोली अंगणात टेकवली. यमुनानं एक पाऊल पुढं टाकलं आणि ती थांबली.

"हिच्यात कोनीतरी निजलंय," ती म्हणाली. ओरडून नव्हे, सहज सांगावं तसं. "त्याला उतरवा की आदी."

बायका मागं सरल्या. सुईण भिंतीला टेकली. दत्तू रडकुंडीला येऊन म्हणाला, "अगं न्हाई कोनी, रिकामी हाय, बस." ती मान हलवून दाराचा खांब धरून राहिली. तिला पुन्हा कळ आली, आणि त्या कळेतही तिची नजर किंतानावरच होती. तिथं खळगा होता, मी रोज बघायचो तोच. तिच्या पोटात जीव अडकलेला, दवाखाना दोन तास लांब, आणि डोली भरलेली. 

कोणीतरी खंडूआबांना बोलावून आणलं. ते आले, उभ्या उभ्या सगळं बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"भाऊ, कुनाची हाय ही?"

माझ्या तोंडात इतक्या वर्षांचं उत्तर तयार होतं. शाळेची म्हटलं असतं तर ते वळून घरी गेले असते. मंडळाची म्हणावं तर मंडळाची तीन मुलं तिथंच हतबल उभी होती. अंगणातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि यमुना खाली बसायला लागली होती.

"कोंडिबाची," मी म्हणालो. "मी न विचारता नेली होती."

आबांनी फक्त मान डोलावली. "मग त्यालाच इचाराया पायजे." ते डोलीच्या डोक्याकडं गुडघे टेकून बसले, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी हात पुढं केला आणि अगदी हळू म्हणाले, "कोंडिबा, ऊठ बाबा. पोरीला जागा दे."

मी जे पाहिलं ते लिहितो. आधी टाचांकडचे दोन खळगे गेले. मग पाठीकडचा. दांडे कुरकुरले, बाजेवरून माणूस उठल्यावर बाज कुरकुरते तसे, आणि किंतान वर येऊन सपाट झालं. अंगणात एक कोंबडं होतं, ते बाजूला झालं, जणू कोणाला वाट दिली. यमुना पुढं झाली आणि डोलीत आडवी झाली.

आम्ही निघालो. दत्तू, ती दोन मुलं आणि मी. दोन जिवांची बाई, उतार निसरडा, आणि मी पन्नाशीला आलेला, खुर्चीत बसून काम करणारा माणूस. तरीही वाटेत एकदाही कोणी "खांदा बदला" म्हणालं नाही. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या वर होतं. तिथं माझा पाय घसरला, माझा खांदा दांड्याखालून निसटला. दांडा खाली यायला हवा होता. तो जागच्या जागी राहिला, मी सावरून परत खांदा देईपर्यंत. दत्तूनं ते पाहिलं होतं. 

यमुना वाचली. मुलगा झाला, तोही वाचला. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर दोघंही हाती लागले नसते.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी काचेच्या तुकड्यानं दांड्यावरचा नंबर खरवडून काढला. दोन दिवसांनी डोली वर नेऊन खंडूआबांच्या दारात ठेवली आणि म्हटलं, आता मोडा. त्यांनी दांड्यावरून हात फिरवला. म्हणाले, "न्हाई भाऊ. त्यानं जागा दिली न्हवं? आनखी कुनाला लागंल, त्यालाबी दील." वाडीच्या देवळाच्या आढ्याला ती टांगली. मंडळाच्या मुलांनी सभा घेऊन ते मान्य केलं.

वहीत मी २१४ पुढं लिहिलं, 'मूळ धन्यास परत दिली', आणि खाली आबांचा अंगठा घेतला. मुख्याध्यापकांनी विचारलं, "धनी कोण?" मी नाव सांगितलं. "हे गृहस्थ हयात आहेत का?" मी नाही म्हणालो.  शेवटी माझ्या सर्व्हिस बुकात त्यांनी लाल शाईनं शेरा मारला, आणि वहीत मात्र निमूटपणे सही केली. त्या शेऱ्यामुळं मी कायमचा मागं पडलो, पण माझी तक्रार नाही.

त्यानंतर पठारावरच्या सगळ्या वाड्या ती डोली वापरू लागल्या. रीत अशी पडली की आजाऱ्याला आत निजवण्याआधी कोणीतरी डोक्याशी बसून कोंडिबाला उठवायचं आणि क्षणभर थांबायचं. आबा गेले, तरी रीत राहिली.

गेल्या श्रावणात दत्तूनं मला वाडीला जेवायला बोलावलं होतं. तो आता तिकडच्याच प्राथमिक शाळेत मास्तर आहे. देवळाच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. वाडीतल्या चार गड्यांनी आढ्यावरून डोली काढली आणि माझ्याशेजारी टेकवली. दत्तू डोक्याकडं बसला. "कोंडिबा, ऊठ बाबा. अण्णांना जागा दे." सगळे थांबले. मग त्यांनी मला उचलून आत ठेवलं.

पावसाळ्यात महिनोन् महिने आढ्याला लटकलेलं किंतान गार आणि दमट असतं. मला ते सांगायची गरज नाही, मी सव्वीस वर्षं किंतानं वाळवली आहेत. ते ऊबदार होतं. पाठीखाली, मानेखाली, टाचांखाली, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुटपुटलो, "कोंडिबा, त्या दिवशी राखेपासून मी तुझी डोली चोरली रे." गड्यांना वाटलं, मी कण्हतोय. त्यांनी पावलं सावकाश केली.

माझं वजन दोन मणांच्या वर आहे. लोणावळ्यापर्यंत त्यांनी एकदाही खांदा बदलला नाही.